चार कोंबड्या, रोज दोनच अंडी

भिंगकाकांचा माणसांवरचा विश्वास नोकरीला लागल्यापासूनच उडाला होता. अंडं तेवढं उरलं होतं. तेही त्या सकाळी गेलं.

झालं असं, की कोपऱ्यावरच्या दुकानातून आणलेलं अंडं त्यांनी पाण्याच्या पातेल्यात सोडलं आणि ते तळाशी आडवं पडायच्या ऐवजी चक्क उभं राहिलं. ताजं अंडं आडवं पडतं, जुनं झालेलं उभं राहतं, ही माहिती ऑफिसातल्या कॅशियरची. कॅशियरवर विसंबायचं नाही म्हणून काकांनी ती आणखी दोघांकडून पडताळून घेतली होती, आणि त्या दोघांवर तरी का विसंबा म्हणून स्वतः पातेलं भरलं होतं. "बघ!" ते स्वयंपाकघरातून ओरडले. "मी म्हणत नव्हतो?"

"काय म्हणत नव्हता?" आतल्या खोलीतून काकूंनी विचारलं. प्रश्न रास्त होता. काका दिवसभरात इतक्या गोष्टींबद्दल शंका घेत, की त्यातली नेमकी कुठली खरी ठरली हे बाहेरच्या माणसाला कळायला मार्ग नसे.

काका विमा कंपनीत दावे तपासायचे. एखाद्याचं दुकान जळालं की सगळं गाव हळहळायचं, आणि काका विचारायचे, काडेपेटी कुठल्या खिशात होती? शर्टाच्या वरच्या खिशात कायम एक भिंग, म्हणून ऑफिसात त्यांचं नाव भिंगकाका पडलं. हे नाव कुणी ठेवलं याचाही त्यांनी बराच तपास केला होता, पण तेवढं एक प्रकरण अनिर्णित राहिलं.

तर हा माणूस बायकोच्या पथ्याची अंडी डोळे मिटून घेईल, हे शक्यच नव्हतं. काकूंचं पोटाचं ऑपरेशन झालं होतं. जीव वाचला, पण वजन इतकं उतरलं की हातातली अंगठी भांडी विसळताना गळून पडायची. डॉक्टरबाईंनी बजावून सांगितलं होतं, "रोज दोन अंडी, अधूनमधून चिकनचं सूप. महिन्याने वजन बघू. वाढलं नाही, तर मात्र पुन्हा दाखल करावं लागेल." हॉस्पिटलच्या त्या लाकडी बाकावर त्यांनी जे दिवस काढले होते ते त्यांचं त्यांना ठाऊक. एरवी साऱ्या जगाला घाम फोडणारे काका त्या बाकाला मात्र सरळसरळ घाबरत होते.

आणि म्हणून दुकानातलं अंडं पातेल्यात उभं राहिलं, तेव्हा काकांनी जाहीर केलं की आजपासून दुकान बंद. घरच्या कोंबड्या पाळायच्या. अंडी घरची, सूप घरचं, मध्ये कुणी माणूस नको.

"अहो, कोंबडी म्हणजे काय नळ आहे का? सोडला की आलं?" काकू म्हणाल्या. पण त्यांना पायऱ्या उतरून मागच्या अंगणात जायची मनाई होती, त्यामुळे अंगणाचा कारभार आपोआप काकांकडे आला.

आता कोंबड्या कुठल्या घ्यायच्या? इथे काकांना पहिल्यांदा कळलं, की कोंबडी ही एक कोंबडी नसते. कॅशियरने जेवणाच्या सुट्टीत डबा बाजूला सारून त्यांना ज्ञान दिलं. पांढऱ्या घ्याव्यात तर अंडी रोज, पण अंगावर मांस औषधाला नाही. ब्रॉयलर घ्याव्यात तर मांसच मांस, अंड्याच्या नावाने बोंब. गावठी घ्यावी तर चव उत्तम, पण ती मन मानेल तेव्हा अंडं घालते आणि नंतर त्यावर रुसून बसते. आणि दोन्ही कामांच्या म्हणून ज्या मिळतात, त्या दोन्ही कामं अर्धीमुर्धी करतात. "म्हणजे आपल्या ऑफिससारख्या," कॅशियर म्हणाला. काकांना हे बोलणं आवडलं नाही, कारण त्या वेळी तो त्यांच्याच टेबलाकडे बघत होता. शिवाय पिल्लं घेऊन उपयोग नव्हता. पिल्लांनी अंड्यावर यायचं म्हणजे पाच-सहा महिने, आणि डॉक्टरबाई थांबणार होत्या महिनाभर.

शेजारचे मास्तर हे काकांचे एकुलते एक मित्र. चित्रकलेचे शिक्षक होते, आता निवृत्त. रोज संध्याकाळी दोघं बरोबर फिरायला जात. काका वाटेतल्या प्रत्येक माणसाबद्दल शंका घेत आणि मास्तर "असेल, असेल" म्हणत, त्यामुळे मैत्री टिकली होती. मास्तर म्हणाले, "तपकिरी घ्या. हिरव्या झाडीवर तपकिरी रंग खुलतो." सल्ला म्हणून हा कामाचा नव्हता, पण यात मास्तरांचा स्वार्थ काय असावा हे काकांना फिरणं संपेपर्यंत उमगलं नाही, आणि त्याने ते बेचैन झाले.

कोंबड्यांच्या आधी परवाना लागणार होता. नगरपालिकेतल्या कारकुनाने अर्ज घेतला, शिक्का मारला, आणि परवाना हातात दिला. एका फेरीत! पाणीही विचारलं. काका घरी आले, पण डोक्यात भुंगा. शिक्का मारताना तो माणूस हसला का? इतक्या लवकर काम झालं म्हणजे कुठेतरी पाणी मुरतंय. दुसऱ्या दिवशी ते परत गेले आणि खिडकीत वाकून म्हणाले, "हा परवाना खरा आहे ना?"

कारकुनाने इतक्या वर्षांच्या नोकरीत हा प्रश्न ऐकला नव्हता. त्याने परवाना हातात घेतला, उलटा केला, काकांकडे पाहिलं, आणि विचारलं, "का हो? खोटा असायचं काही कारण आहे?" ज्याच्या मनात काही नाही तो माणूस असं विचारायला येईल कशाला? परवाना साहेबांकडे गेला. साहेबांनी पाहणीचा हुकूम काढला. पाहणीला आलेल्या माणसाने अंगणात टेप लावून सांगितलं, खुराडं भिंतीला फार जवळ येतंय, शेजाऱ्याचं लेखी 'हरकत नाही' पाहिजे. मास्तरांनी उभ्या उभ्या सही करून दिली. काकांनी सहीचा कागद भिंगाखाली धरला आणि मनात म्हटलं, हा इतक्या आनंदाने सही का करतो?

या भानगडीत महिन्यातला बराच वेळ गेला. तोवर काका दुकानातूनच अंडी आणत. मात्र दुकानदाराच्या समोर, त्याच्याच पातेल्यात, एकेक बुडवून. मागे गिऱ्हाइकांची रांग लागायची. एक बाई तर चिडून म्हणाल्या, "अहो, अंघोळ घालताय का?" काका टोमणा गिळून टाकायचे. मानापमानाची ही वेळ नव्हती. पण पसंत पडायचं एखादंच, त्यामुळे काकूंच्या ताटात दोनाऐवजी कधी एक अंडं, कधी नुसतंच तपासणीचं वर्णन.

शेवटी परवाना आला आणि काका कोंबडीवाल्याकडे गेले.

कोंबडीवाला बोलायला लागला की थांबायचा नाही. "साहेब, ही पांढरी बघा. दिवसाला दोन देते." काकांनी डोळे बारीक केले. कोंबडी दिवसाला दोन अंडी देत नाही, हे त्यांनी वाचलं होतं. "ही लाल बघा. हिला आजारच होत नाही. हिच्या आईलासुद्धा झाला नव्हता." काकांनी लाल कोंबडी खोडली. "आणि ही ठिपक्यांची, साहेब, ही माणसाचं बोलणं समजते." काकांनी ठिपक्यांची खोडली. मग त्यांची नजर कोपऱ्यातल्या एका वेगळ्या पिंजऱ्याकडे गेली. आत चार थोराड, तपकिरी, गंभीर चेहऱ्याच्या कोंबड्या बसल्या होत्या. कोंबडीवाल्याने त्यांचं नावसुद्धा काढलं नव्हतं.

"या?"

"या नको साहेब." कोंबडीवाला घाईने पुढे आला. "या म्हाताऱ्या झाल्या. अंडी संपली यांची. सूपवाल्याने सांगून ठेवल्यात."

त्या माणसाच्या तोंडून सकाळपासून बाहेर पडलेलं हे पहिलं खरं वाक्य होतं. पण काकांनी आयुष्यभर दावे तपासले होते. जो माणूस सगळ्या मालाची तारीफ करतो आणि एकाच पिंजऱ्याला नावं ठेवतो, तो नेमका तोच पिंजरा कुणासाठी तरी राखून ठेवतोय, यात त्यांना तिळमात्र शंका उरली नाही. आणि शंका उरली नाही, असं त्यांच्या बाबतीत सहसा होत नसे.

"याच द्या," काका म्हणाले.

"अहो साहेब, देवाशपथ सांगतो..."

शपथ ऐकल्यावर तर खात्रीच पटली. काका चौघींना टोपलीत घालून विजयी मुद्रेने घरी आले. मास्तरांनी भिंतीवरून डोकावून पाहिलं आणि म्हणाले, "वा! तपकिरी." काकूंनी खिडकीतून त्यांचे पाय तेवढे निरखले. काकूंचं लहानपण परसात कोंबड्या असलेल्या घरात गेलं होतं, हे काकांना ठाऊक होतं, पण या कामी बायकोला विचारावं असं त्यांच्या मनातही आलं नाही.

पहिले काही दिवस खुराड्यात शांतता होती. कोंबड्या दाणे खात, माती उकरत, आणि उन्हात डोळे मिटून बसत. काका सकाळी ऑफिसला जाण्याआधी खुराड्यातलं गवत चाचपून बघत आणि रिकाम्या हाताने वर येत. "नवीन जागा आहे," ते म्हणत. "बुजल्यात." दुकानात तर जायचं नाही, असं स्वतःच जाहीर करून बसलेले. काकूंच्या ताटात अंडं नाही. काका जेवायला बसले की त्यांचं लक्ष स्वतःच्या घासाकडे नसायचं, काकूंच्या मनगटाकडे असायचं.

आणि मग एका संध्याकाळी ऑफिसातून आल्यावर गवतात दोन अंडी!

काकांनी ती दोन्ही हातांत धरून वर आणली. "बघ! बघितलंस?" काकूंनी अंडी बघितली, नवऱ्याचा चेहरा बघितला, आणि म्हणाल्या, "बाई, बाई! काय सुंदर आहेत." त्या दिवशी काकांनी स्वतः अंडी उकडली आणि काकू शेवटचा घास संपवेपर्यंत समोर बसून राहिले. पांढऱ्यातला एक तुकडा त्यांनीही चाखला. "याला म्हणतात चव," ते म्हणाले. "दुकानातल्या अंड्याला ही चव जन्मात यायची नाही." दुसऱ्या दिवशी वाट वाकडी करून ते हे दुकानदारालाही सांगून आले. दुकानदार म्हणाला, "हो का? असेल, असेल," आणि का कोण जाणे, पाठ फिरवून बराच वेळ फडताळ पुसत राहिला.

रोज संध्याकाळी दोन अंडी. स्वच्छ, गुळगुळीत, सारख्या मापाची, थंडगार. एखाद्या लहान मुलाच्याही लक्षात आलं असतं. पण काका म्हणजे मुरलेले तपासनीस. त्यांनी भिंग लावून अंड्यांवर माती नाही याची नोंद घेतली आणि कोंबड्या चांगल्या वळणाच्या आहेत असा निष्कर्ष काढला.

मग एके दिवशी ऑफिसात फायली बघता बघता ते थबकले. कोंबड्या चार. अंडी दोन. रोज दोन. कधी एक नाही, कधी तीन नाहीत. निसर्गात असं असतं का? इतकी बिनचूक संख्या म्हणजे माणसाचा हात आलाच. आयुष्यभराच्या अनुभवाने त्यांना एका क्षणात सत्याच्या दारात आणून उभं केलं, आणि काका तिथून खाडकन् उलट दिशेला वळले. चार कोंबड्या रोज चार अंडी देतात, आणि कुणीतरी त्यातली दोन चोरतंय!

त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. वजन करायचा दिवस तोंडावर आलेला, काकूंच्या तोंडची अंडी पळवली जातायत, आणि आपण सही-शिक्के बघत बसलोय! ती बरी झाली नाही तर? पुन्हा तो बाक, तो फिनेलचा वास, दाराबाहेर ठेवलेल्या तिच्या चपला. काकांना पुढचं सुचेना. त्यांनी फाईल तशीच मिटून टाकली.

चोर शोधायला फार लांब जावं लागलं नाही. मास्तरांच्या घरातून परवाच ऑम्लेटचा वास आला होता. मास्तर हल्ली फिरायला येताना दमलेले दिसत. मास्तरांच्या चपलेला एक तपकिरी पीस चिकटलेलं काकांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. आणि ती सही! इतक्या आनंदाने सही केली ती उगाच नव्हे. काकांना रागापेक्षा वाईट जास्त वाटलं. जगात एक माणूस जवळजवळ सोडला होता संशयातून, तोही असा निघाला. त्या संध्याकाळी ते फिरायला गेले नाहीत. मास्तर भिंतीपलीकडून दोनदा हाका मारून गेले, आणि काका दाराआड मूग गिळून बसले.

"काय बिनसलंय तुमचं?" काकूंनी विचारलं.

"काही नाही. तू अंडं खा."

दुसऱ्या दिवशी अर्ध्या दिवसाची रजा टाकून काका दुपारीच परतले, ते थेट मागच्या बाजूने. पाण्याच्या पिंपाआड बसले आणि डोक्यावरून कोंबड्यांच्या दाण्याचं रिकामं पोतं घेतलं. पोत्यात उरलेले दाणे मानेवरून सदऱ्यात उतरले. एक कोंबडी जवळ आली, पोत्याखाली डोकावली, आणि काकांच्या बुटाची नाडी ओढू लागली. "हुश," काका कुजबुजले. कोंबडीने उरलेल्या तिघींनाही बोलावून आणलं. विमा कंपनीचे वरिष्ठ तपासनीस भर उन्हात पोतं पांघरून बसलेत आणि चार म्हाताऱ्या त्यांना टोचतायत, हा देखावा ऑफिसातल्या कुणी पाहिला नाही ही देवाची कृपा.

तेवढ्यात भिंतीपलीकडे स्टूल सरकल्याचा आवाज झाला. आधी मास्तरांचं टक्कल वर आलं, मग मास्तर. धापा टाकत त्यांनी एक पाय अलीकडे टाकला. काकांनी पोतं भिरकावलं आणि झेप घेऊन तो पाय धरला.

"सापडलात!"

"अहो, पाय सोडा! स्टूल हलतंय!" मास्तर भिंतीवर घोड्यासारखे बसून किंचाळले. "पाय सोडा हो, फुटतील!"

"काय फुटतील?"

उत्तराची गरज पडली नाही. मास्तरांच्या सदऱ्याच्या खिशातून पिवळा ओघळ खाली आला आणि काकांच्या मनगटावर टपकला.

"चोरून खिशात घातलीत?"

"चोरून कसली? अजून खुराड्यापर्यंत पोचलो तरी का? मी काढायला नाही, ठेवायला येतोय! रोज ठेवतोय!" मास्तरांना रडू येईलसं झालं. "या वयात रोज भिंत चढायची म्हणजे थट्टा आहे का?"

काकांनी त्यांचा पाय सोडला नाही. आयुष्यात त्यांनी नाना तऱ्हेचे बचाव ऐकले होते, पण ठेवायला येणारा चोर पहिलाच.

"सोडा त्यांना," वरून आवाज आला. काकू खिडकीत उभ्या होत्या. "मीच सांगितलंय. दुकानातून आणतात ते. पैसे मी देते."

"कुठल्या दुकानातून?" काकांनी विचारलं. उत्तर त्यांना कळलं होतं, पण सवयीने विचारलं.

"कोपऱ्यावरच्या."

"पण ती चव..."

"तीही कोपऱ्यावरचीच."

मास्तर हळूच पलीकडे उतरले. काका खिडकीखाली येऊन उभे राहिले, डोक्यात दाणे, मनगटावर बलक. "म्हणजे त्या अंडी देतच नाहीत? तुला माहीत होतं?"

"टोपलीतून काढल्या तेव्हाच. पाय बघा त्यांचे. माझ्या आजीच्या वयाच्या आहेत."

"मग मला सांगितलं का नाहीस? सगळी गंमत बघत बसलात? दुकानदार, मास्तर, तू!"

काकू म्हणाल्या, "हॉस्पिटलात तुम्ही सलाइनच्या थेंबांवर पहारा द्यायचात. नर्सला गोळ्यांचं पाकीट उघडून दाखवायला लावायचात. घरी आल्यावर मी कूस बदलली तरी उठून बसायचात. कोंबड्या आल्या, अंडी दिसली, आणि तुम्ही पहिल्यांदा घोरलात. मी अंथरुणात पडून ते घोरणं ऐकलं आणि बरं वाटलं मला. म्हटलं, माझ्या अंड्यांचं मी बघते. यांची झोप नको मोडायला."

काकांनी खिशातून रुमाल काढला. बलक पुसायला काढला होता, पण डोळेच पुसले.

वजन करायच्या दिवशी काका आधी स्वतः काट्यावर चढले, काटा बरोबर आहे ना बघायला. डॉक्टरबाईंनी चढू दिलं, त्या त्यांना ओळखत होत्या. मग काकू चढल्या. काटा सरकला, आणखी सरकला. "छान," डॉक्टरबाई म्हणाल्या. "दाखल व्हायची गरज नाही. हेच चालू ठेवा." येताना ते कोपऱ्यावरच्या दुकानात गेले. दुकानदाराने त्यांना पाहिलं आणि मुकाट्याने पातेल्यात पाणी भरायला घेतलं. "नको," काका म्हणाले, "तसंच द्या." मग मास्तरांकडे जाऊन त्यांनी एक नवा सदरा दिला. मास्तरांनी तो उलगडून पाहिला आणि म्हणाले, "रंग तेवढा तपकिरी नको होता." संध्याकाळी दोघं फिरायला गेले.

कोंबड्यांचं सूप करायचा विषय पुन्हा कुणी काढला नाही. त्या अंगणात उन्हं खात बसत. आणि अशाच एका रविवारी त्यातल्या सर्वांत म्हातारीने अचानक अख्खी गल्ली गोळा होईल असा कलकलाट केला. काका धावले. गवतात एक अंडं होतं. लहानसं, एका बाजूने चेपलेलं, मातीने माखलेलं, आणि गरम.

काका ते दोन्ही तळहातांत धरून कितीतरी वेळ उभे होते. मग त्यांनी ते धुतलं, उकडलं, सोललं, आणि बशीत घालून काकूंपुढे ठेवलं.

"घरचं आहे," ते म्हणाले.

काकूंनी बशी फिरवून बघितली. "पुरे हो आता. मी बरी झालेय. कुठल्या दुकानातलं आणलंत?"

"अगं खरंच! त्या थोरलीने घातलं. आत्ता. गरम होतं!"

"उकडल्यावर गरमच असणार."

"मास्तरांना विचार!" काकांनी खिडकीतून हाक मारली. "मास्तर, आज तुम्ही अंडं ठेवलंत का?"

"मी? छे छे! मी नाही बुवा!" मास्तर भिंतीपलीकडून इतक्या घाईने ओरडले की काकूंचे डोळे बारीक झाले.

"तुम्ही दोघं मिळून मला बनवताय."

"आईशपथ सांगतो गं! तुझी शपथ! माझ्यावर विश्वास नाही तुझा?" काका काकुळतीला आले. टेबलापलीकडे बसून हे असलं बोलणं त्यांनी जन्मभर ऐकलं होतं. टेबलाच्या या बाजूने ते कसं वाटतं, हे त्यांना आजच कळत होतं. खरं बोलणाऱ्या माणसाचा चेहरा नेमका कसा ठेवायचा, हेच त्यांना आठवेना. "थांब, मी कोंबडी वर घेऊन येतो. माती बघ, साल बघ, भिंग देतो, तू स्वतः तपास..."

काकूंनी चिमूटभर मीठ भुरभुरलं आणि अंडं उचललं.

"अगं, पुरावा खाऊ नकोस!" काका कळवळून म्हणाले. पण काकूंना सपाटून भूक लागली होती.